सातवा रकाना

बाहेती मॅडम सोमवारी सांगून गेल्या,
संशोधनावर झालेल्या खर्चाची राज्याकडून करात सूट मिळेल,
पण कागद लागतील.
तीन वर्षांचे, तारीखवार.
कोण, किती तास, कोणत्या प्रयोगावर.

लातूरच्या एमआयडीसीत
डाळमिलचे रोलर करणाऱ्या आमच्या शेडात
प्रयोग हा शब्द तोवर कुणी उच्चारला नव्हता.
इथे म्हणतात, करून बघू.
आता या 'बघू'चे तास
कोण मांडून ठेवतं?

मी मांडायला बसले.
बिलांच्या पिशव्या उपड्या केल्या:
एमरीची भुकटी, चाळीस किलो, हैदराबादहून.
मॅग्नेसाइट, दोनदा.
रबराचे पट्टे, जे वितळले.
एक बिल नुसतंच 'किरकोळ', तीन हजार दोनशे,
पाठीमागे हुडेंचं अक्षर,
तूर ओली, साल निघंना, दाणा फुटला.
तारीख नाही.
जवसाच्या तेलाचा डाग मात्र आहे,
अजून वास येतो.

बसवराज हुडे, फिटर, बावीस वर्षं इथेच.
"काय लिवालाव बाई?"
म्हटलं, फसलेले रोलर.
"फसलेले कामून? चांगला निघाला त्यो लिवा की."
सरकारला फसलेलेही हवेत म्हटल्यावर
त्यांनी पाना खाली ठेवला,
माझ्याकडे बघितलं, मग पत्र्याकडे.
असलं सरकार त्यांच्या बघण्यात नव्हतं.

शेडामागे घेऊन गेले.
अकरा होते.
एक पाण्याच्या टाकीखाली टेकण,
एकावर वॉचमन बसतो,
दोन बाभळीखाली, कुत्रीच्या पिल्लांना आडोसा.
"ह्यो पोरीच्या बारावीच्या टायमाला.
ह्यो लाईट गेल्ती त्या राती तडकला, मी आन् खाजामियाँ दोघंच हुतो.
ह्यो..."
इथे थांबले. त्याच्या चिरेवरून अंगठा फिरवला.
"ह्यो चांगला हुता. घाई केली."

पोरीची गुणपत्रिका मागवली,
हजेरीपटाशी लावून बघितली.
वीज कार्यालयात जाऊन
तीन वर्षांपूर्वीच्या एका अंधाराची तारीख मागितली.
तिथल्या साहेबांनी विचारलं, कशासाठी?
संशोधन, म्हटलं.
त्या दिवसापासून हा शब्द माझ्या तोंडात बसला.

सहा रकाने भरले.
सातवा काझी शेठनी भरायचा होता.
'काम सुरू करताना
तुम्हाला काय माहीत नव्हतं?'

तीस वर्षं या माणसानं
गिऱ्हाइकाला एकच वाक्य सांगितलंय:
मशीन माझी, हमी माझी.
उदगीर, औसा, पार बिदरपर्यंत.
त्यांना माहीत नाही असं काही
निदान दुकानाच्या वेळेत नसायचं.

चहावर साय धरली.
पेनाचं टोपण काढलं, लावलं.
"हे बँकेनं वाचलं तर?"
बँक नाही वाचणार.
"गिऱ्हाइकानं?"
मी गप्प.
शेवटी त्यांनी लिहिलं, शाळेतल्यासारखं, एकेक अक्षर सोडवून:
ओल किती असली म्हणजे दाणा न फुटता
साल सुटतं, हे माहीत नव्हतं.
थोडं थांबले, आणि पुढे,
अजून पुरतं माहीत नाही.

मॅडमनी फोनवर ऐकून घेतलं.
शेवटची ओळ ठेवा म्हणाल्या.
मी विचारलं, हे सगळं जुळवण्यात गेलेले माझे तास?
म्हणाल्या, कारकुनी धरत नाहीत.
एकतीस तास होते.
माझ्या वहीत आहेत.

सूट मिळेल की नाही, कळायला दिवाळी उजाडेल.
सध्या लेथच्या बाजूला खिळ्याला एक वही लटकते,
सुतळीनं पेन बांधलेलं.
काल हुडेंनी पहिलं पान लिहिलं:
मंगळवार. नऊ ते साडेअकरा. रोलर बारावा. तडकला.
मग हात पुसत माझ्या टेबलापाशी आले,
"बाई, तडकला हे लाल शाईनं लिवायचं का?"

नको, म्हटलं.
निळ्यानंच असू द्या.